विंगेतला माणूस शेजारच्या खुर्चीत

रविवार, ८ जानेवारी

आज सकाळी दहा वाजता माझा नवरा घरात होता आणि वार रविवार होता. लग्नापासून गेल्या डिसेंबरपर्यंत असं कधी झालं होतं का, ते मी आठवून पाहिलं. एकदाच. तेव्हा ह्यांना कांजिण्या झाल्या होत्या.

हे प्रॉम्प्टर, नाटक कंपनीत. म्हणजे रंगमंचाच्या कडेला, विंगेत, स्टुलावर बसून नाटकाचं पुस्तक धरायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याला पुरवायचं. तेही असं, की नटाला मिळावं आणि पहिल्या रांगेला कळू नये. लोकांना सुट्टी असते तेव्हा नाटकं असतात, त्यामुळे आमच्या घरी सुट्टीचा दिवस हा ह्यांच्या कामाचा दिवस. लेकीला हत्ती मी दाखवले, आगगाडीत मी बसवलं, मेळ्यात हरवली तेव्हा रडलेही मीच.

नाटकं मात्र खूप बघितली. कंपनी आम्हाला दोन खुर्च्या द्यायची. एकीत मी आणि दुसरीत माझी पर्स. नवरा हाकेच्या अंतरावर, पण दिसायचा नाही. आजूबाजूला जोडपी बसलेली असायची. कोणी मध्येच हसून एकमेकांकडे बघायचं, तेव्हा मी पर्सकडे बघायचे.

डिसेंबरात ह्यांनी गुडघे दुखतात म्हणून काम सोडलं. मी रोज मलम चोळते. जरा बरे झाले की दर रविवारी बाहेर पडायचं, असं लेकीने आणि मी ठरवलंय. बोट, प्राणी, बागा, जे असेल ते. आणि एक अख्खं नाटक, पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, ह्यांच्या शेजारी बसून बघायचं. या वर्षाकडून माझं एवढंच मागणं आहे.

ही वही नातीची. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बदक आहे म्हणून तिला नको होती. आता ती मोठी झाली म्हणे. मला बदक चालतं.


रविवार, १५ जानेवारी

बोटीची सफर! आम्ही दोघं, लेक, जावई आणि नात. नातीला आम्ही टिचकी म्हणतो, कारण ती तेवढीच आहे आणि लागतेही तशीच.

चढताना ह्यांनी माझा हात धरून मला डाव्या बाजूला घेतलं. "इकडे बस, तिकडे वारा आहे." येताना बसमध्येही तेच केलं होतं. बसच्या खिडक्या तर बंद होत्या. पण काळजी घेतात हे काय कमी आहे?

बोट सुटताना भोंगा वाजला, अगदी आमच्या डोक्यावर. टिचकी किंचाळली, जावयांची कॉफी त्यांच्याच पँटवर सांडली. हे मात्र पाण्याकडे बघत शांत बसलेले. उभा जन्म रंगमंचाजवळ काढलाय, तिथे कधी काय कोसळेल याचा नेम नसतो. असा माणूस भोंग्याबिंग्याला दचकत नाही. मला अभिमान वाटला.

जावई काहीबाही विचारत होते, त्यांना हे नुसतं "बरं, बरं" म्हणत होते. मी बोलले की मात्र चटकन उत्तर. लेक म्हणाली, "आई, बाबा तुझ्याशीच बरे बोलतात गं." म्हटलं, एवढ्या वर्षांचं साठलंय, आता कुठे निघतंय.

परत येताना सूर्य पाण्यात उतरला. ह्यांनी स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला. आजच्या दिवसाबद्दल कोणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.


बुधवार, १८ जानेवारी

मी शेजारी गेले होते, तेवढ्यात किटली जाळली. शिट्टी मारून मारून ती दमली असेल आणि हे तिच्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. तळ कोळसा.

दुपारी जावई आले तर बेल वाजवून वाजवून थकले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना वाटलं बेल बिघडली. दारातच स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी ती उघडली. मी आले तेव्हा बेलचे अवयव पायपुसण्यावर मांडलेले आणि आत हे खुर्चीत, पेपरात डोकं घालून. "आई, बेलमध्ये काहीच दोष नाही," जावई म्हणाले आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांच्या मनात. मी म्हटलं, तुमच्या सासऱ्यांची तंद्री लागली की भूकंपही परत जातो.


रविवार, २९ जानेवारी

काय लिहू!

ह्यांच्याच कंपनीचं जुनं नाटक, दोन भावांचं. पाचेकशे प्रयोग तरी ह्यांनी विंगेतून केले असतील. आता नट सगळे नवे. चौथ्या रांगेत मधोमध जागा. पर्स मी मुद्दाम मांडीवर घेतली. पहिली घंटा झाली आणि मी लहान मुलीसारखी सरसावून बसले.

पहिला अंक छान गेला. ह्यांचे ओठ सारखे हलत होते, पण आवाज नव्हता. दुसऱ्या अंकात धाकटा भाऊ घर सोडून निघतो. थोरला त्याला पाठमोरा राहून, अगदी खालच्या आवाजात म्हणतो, "जा तू. दार उघडंच ठेवतो." त्या नव्या पोराने ते इतकं हळू म्हटलं, इतकं आतून, की माझ्या अंगावर काटा आला. मी रुमाल शोधत होते.

आणि शेजारून हे खणखणीत आवाजात म्हणाले, "दार उघडंच ठेवतो!"

सगळं थिएटर वळलं. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. नट तसाच पाठमोरा उभा, त्याचे खांदे तेवढे ताठ झालेले दिसले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "अडला होता ना तो?" मी म्हटलं, "अहो नाही, बोलला की तो!" हे माझ्याकडे बघतच राहिले. मग उठले, सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर गेले. मला मागोमाग जावंच लागलं.

जुनी सवय, दुसरं काय. हाडात मुरलेली. मला बसमध्ये हसूच येत होतं, पण ह्यांच्याकडे बघून गिळलं.


सोमवार, ३० जानेवारी

"कुठेही ने. नाटकाला नको." एवढंच बोलले, तेही मलम लावताना, छताकडे बघून.

मी म्हटलं, बरं. पण बरं वाटलं नाही.


रविवार, १२ फेब्रुवारी

प्राणिसंग्रहालय. टेकडीवर आहे, वर जायला चिक्कार पायऱ्या. मी तिसऱ्या वळणावर बसकण मारली आणि हे बकरीसारखे वर! माझ्या मलमाला यश आलं म्हणायचं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. ह्यांनी खाली मान घातली. स्वतःचं कौतुक झालं की असेच लाजतात.

दिवस किती सुंदर गेला. टिचकी आणि हे जिराफासमोर तासभर उभे. ह्यांना जिराफ फार आवडला. "आवाजच नाही त्याला," म्हणाले, "नुसता बघतो." मी फळं कापून नेली होती, लेकीने उकडलेली अंडी. जावयांनी पाळण्याच्या यंत्राकडे बघून तोंड वाकडं केलं आणि कोणालाच त्यात बसू दिलं नाही.

लेकीचं बालपण मी एकटीने असं फिरवलं, तेव्हा मनात थोडी अढी असायची. आज ह्यांना टिचकीच्या बुटाची नाडी बांधताना पाहिलं आणि ती अढी गेली. कुठे गेली कळलंही नाही.


शनिवार, २५ फेब्रुवारी

तारांगण. ह्यांनी मला नेहमीसारखं डावीकडे घ्यायला पाहिलं, पण त्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आधीच पेंगत होते. म्हणून मी उजवीकडे बसले. खुर्च्या मागे कलतात, दिवे जातात आणि वर सगळं आकाश उघडतं. एक बाई मंद आवाजात ताऱ्यांबद्दल सांगत होती.

मला वाटलं, नाटक नाही तर नाही, अंधारात ह्यांच्या शेजारी बसणं तर झालं. मग मला काय झालं कोण जाणे. ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "तुम्ही शेजारी आहात ना, मला आणखी काही नको."

असलं मी लग्न नवं होतं तेव्हाही बोलले नव्हते. गाल गरम झाले माझे.

ह्यांची मान वर, तारे बघतायत. जरा वेळाने माझा हात थोपटला, ताप आलेल्या पोराला थोपटतात तसा. बस्स. बाहेर आल्यावर विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाले, "शनीची कडी फार सुरेख."

डोळ्यांत पाणी आलं. टिचकीला सांगितलं, उन्हामुळे.


रविवार, १२ मार्च

आज मी रागावलेली आहे आणि बदकाने हे पान बघू नये.

जावयांनी हौसेने नव्या नाटकाची तिकिटं काढली होती. एका खाणावळवाल्या विधवा बाईचं नाटक आहे, तिच्याकडे राहायला आलेल्या माणसाचं. सगळीकडे कौतुक चाललंय. टिचकीने आजोबांच्या पायांशी लोळण घेतली तेव्हा हे तयार झाले. मी माझे चांगले कानातले घातले.

पहिला अंक हे नुसते बसून होते. ओठ हलले नाहीत. लोक हसले की हे जरा मागाहून हसायचे. मध्यंतरात "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. घंटा झाली, दिवे गेले. दुसरा अंक मी पर्स शेजारच्या खुर्चीत ठेवून पाहिला. पुन्हा पर्स. त्या बाईने स्टेजवर काय केलं, त्या माणसाचं काय झालं, मला विचारू नका.

सुटल्यावर पाहिलं तर हे थिएटरच्या मागच्या दाराशी पायऱ्यांवर बसलेले. नट आत जातात ते दार. "गुडघे," म्हणाले. टेकडीवर धावणारे गुडघे खुर्चीत बसून दुखले! जावई आणि लेक एकमेकांकडे बघत होते. त्यांनाही वाईट वाटलं असणार, बिचाऱ्यांनी एवढी हौस केली.

ह्यांना माझ्या शेजारी बसायचंच नाही, हे आता मला कळून चुकलंय. माणसाला काही लोकांची सवय होते, काही लोकांची होत नाही.


सोमवार, १३ मार्च

आजचं सगळं लिहितेच.

सकाळी सिंकपाशी भांडी घासत होते. हे मागे टेबलाशी. मी कधी पाठ करून बोलत नाही. जन्म शिशुवर्गात गेला माझा. तीन-चार वर्षांची पोरं. त्यांच्यासमोर उकिडवं बसायचं, तोंड मोठं उघडायचं, हातवारे करायचे, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरतं. लेक चिडवते की मी बस कंडक्टरलाही बडबडगीत म्हणून दाखवते. पण आज मला ह्यांचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून भिंतीकडे तोंड करून सगळं बोलले. साठलेलं सगळं. "आयुष्यभर त्या लोकांना वाक्यं पुरवलीत, मला एक द्यायचं तर जीभ उचलत नाही तुमची. तारांगणात एवढं मनातलं बोलले, तर शनी! नको असेन तर तसं सांगा. पर्स बरी तुमच्यापेक्षा, ती उठून तरी जात नाही."

आणि वळले.

हे माझ्या मागेच उभे होते. हातात फडकं. चेहरा हसरा. म्हणाले, "दे, मी पुसतो."

मला वाटलं, सोंग आहे. मी परत भिंतीकडे वळले. नळ बंद केला. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "टिचकीने तुमचा चष्मा फोडला."

ह्यांनी एक बशी पुसून फडताळात ठेवली.

"वरच्या मजल्याला आग लागलीय."

दुसरी बशी.

मी तशीच उभी राहिले. बोटीचा भोंगा आठवला. किटली आठवली, पायपुसण्यावरची बेल आठवली. शिशुवर्गातल्या एखाद्या पोराला नीट ऐकू येत नसलं तर मी दोन दिवसांत ओळखायचे आणि त्याच्या आईला बोलावून घ्यायचे. आणि माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी! पण हे माझ्याशी बोलत होते ना. सगळं कळत होतं ना ह्यांना माझं. कसं नाही कळणार? मी सगळ्यांशी बोलते तशी ह्यांच्याशीही तोंड मोठं उघडून, समोर बसूनच बोलते.

बशा पुसून झाल्या. हे गुणगुणत होते, पार बेसूर. पूर्वी गळा चांगला होता.


मंगळवार, १४ मार्च

लेकीकडे गेले आणि सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला माहीत नव्हतं?"

मी कपाळाला हात लावला.

"आम्हाला वाटलं तू झाकून घेतेयस. बाबांना वाईट वाटू नये म्हणून. म्हणून आम्हीही गप्प. टिचकीलासुद्धा दम दिला होता." जावई म्हणाले, "म्हणूनच मी दाराला दिव्याची बेल लावू का विचारणार होतो, आई. तुम्ही म्हणालात, तंद्री."

म्हणजे घरातली चार माणसं एकमेकांना जपत बसली आणि मी रोज धडधाकट गुडघ्यांना मलम चोळत राहिले. हसू आलं, मग रडू आलं, मग लेकीने गरम सूप दिलं.


शुक्रवार, १७ मार्च

आज बागेतल्या बाकावर. हे बिस्किट खात होते. मी समोर तोंड केलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," हे म्हणाले.

मग मी आवाजात, नीट, सावकाश सांगितलं, "मी आत्ता आवाज काढलाच नव्हता."

बिस्किट हातातच राहिलं. किती तरी वेळ ते त्या बिस्किटाकडे बघत होते. मी त्यांना घाई केली नाही. पोरं अशी गप्प झाली की थांबायचं असतं.

"उजवा कान पार गेलाय," शेवटी म्हणाले. "डाव्यात थोडं येतं."

मग हळूहळू सगळं आलं. डिसेंबरात एका प्रयोगात मोठ्या बाई अडल्या. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या जुन्या नायिका, ह्यांच्या भरवशावर इतकी वर्षं बिनघोर उभ्या राहिलेल्या. अडल्या की त्या बारीक खोकतात, ती खूण. त्या खोकल्या. पुन्हा खोकल्या. हे पुस्तकावर नजर ठेवून बसलेले. वर बघितलं तेव्हा बाई मनाची वाक्यं जोडून कशाबशा पुढे निघाल्या होत्या. कोणी एका शब्दाने बोललं नाही. प्रयोग संपल्यावर ह्यांनी पुस्तक मिटलं, स्टूल भिंतीशी लावलं आणि मॅनेजरला सांगितलं, गुडघे.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू एवढी वर्षं वाट बघितलीस. मोकळा झालो तर कशाला, आंधळ्या कोशिंबिरीतल्या भिडूसारखा शेजारी बसायला? तू काय बघणार आणि मी काय." मग मांडीवरचा चुरा झटकला. "आणि तुझं सगळं कळत होतं. तुझं कळतंय तोवर फार काही गेलं नाही, असं वाटायचं."

मी ते बिस्किट त्यांच्या हातातून घेतलं आणि अर्धं खाल्लं. बाकी काय करणार होते?


रविवार, २ एप्रिल

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय. आधी, "प्रॉम्प्टरने यंत्र लावायचं?" म्हणून दोन दिवस फुरंगटून झालं. मग लावलं. घरात बरंच कामाला येतं. किटलीला आता "आलो, आलो" म्हणतात. पण गर्दीत गेलं की माणसांच्या आवाजापेक्षा पिशव्यांची खुसखुस जास्त मोठी येते, म्हणाले.

मी मोठ्या बाईंना फोन केला. ह्यांना न सांगता. खरं तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माझाच खोकला म्हाताऱ्या बाईचा झाला म्हणून त्याला ओळखू आला नाही. किती दिवस झोपले नाही मी." आता दोघंही फोनवर बोलतात. बाई ओरडतात, हे "बरं, बरं" म्हणतात, पण खरोखर कळून.

बाईंनी खाणावळवालीच्या नाटकाचं पुस्तक मिळवून दिलंय. रोज दुपारी आम्ही वाचतो. मी सगळ्या भूमिका करते, समोर बसून, तोंड मोठं उघडून. हे नुसते माझ्याकडे बघतात आणि दुरुस्त्या करतात. खाणावळवाली शेवटच्या अंकात त्या माणसाला "बसा, चहा टाकते" म्हणते, तिथे मी रोज चुकते.

"इथे पॉज आहे," हे म्हणतात. "ती लगेच नाही म्हणत. लोकांना वाटलं पाहिजे, आता ही म्हणते की नाही."

"अहो, म्हणून टाकावं ना एकदाचं. तो बिचारा उभा आहे."

"तुझ्यासारख्या नटीपायी प्रॉम्प्टर फुकट जातात," हे म्हणाले.

मला इतकं हसायला कोणत्याच सफरीत आलं नव्हतं.


रविवार, २३ एप्रिल

झालं. बघितलं. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत.

हे आठवडाभर कुरकुरत होते. सकाळी तर म्हणाले, "पुन्हा काही बोललो मध्येच, तर?" मी म्हटलं, तर दोघं मिळून बाहेर येऊ आणि बोटीत बसू. मग तयार झाले. इस्त्री स्वतः केली.

जागा दुसऱ्या रांगेत, कडेला. ह्यांनीच निवडल्या, कुठून कुठे उजेड पडतो ते त्यांना पाठ. मी डावीकडे, आणि स्टेजचा उजेड नेमका माझ्या तोंडावर. पर्स पायाशी. यंत्र ह्यांनी खिशात टाकलं, खुसखुस नको म्हणून.

नाटक सुरू झालं. आधी हे स्टेजकडेच बघत होते. मग कुठेतरी धागा सुटला की माझ्याकडे वळायचे, मी आवाज न काढता वाक्य द्यायचे, हे मान हलवून पुन्हा समोर. जरा वेळाने लय सापडली. लोक हसले तेव्हा हेही हसले, बरोबर लोकांच्या बरोबरीने. आणि हसून माझ्याकडे पाहिलं. एवढंच लिहिलं तरी ही वही भरली म्हणायची.

मग शेवटचा अंक. तो माणूस सामान घेऊन दारात उभा. खाणावळवाली त्याच्याकडे बघतेय. बघतेय. थिएटरात टाचणी पडली तरी कळेल. आणि मला काय झालं! रोज दुपारी तेच वाक्य, समोर एक माणूस ताटकळत उभा, माझ्या तोंडून माझ्या शिशुवर्गाच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं निघालं, "बसा की, चहा टाकते!"

अख्खं थिएटर हसून फुटलं. स्टेजवरची ती बाई गुणाची. तिने अंधारात माझ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या म्हणतायत, तर टाकते." टाळ्यांचा कडकडाट.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे कधी लोकांकडे बघतायत, कधी माझ्याकडे. "काय झालं? काय झालं?" मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ह्यांनी हात बाजूला केले, माझे ओठ दिसावेत म्हणून. मी सांगितलं.

ह्यांना हसू आवरेना. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. "पॉज होता तो!" असं दोनदा म्हणाले, चांगलं मोठ्याने. मागच्यांनी शुक् शुक् केलं ते ह्यांना कुठलं कळतंय. जानेवारीपासून ह्यांच्या मनावर जे बसलं होतं ते त्या हसण्याबरोबर उतरताना मी बघितलं.

पडदा पडला. दिवे लागले. लोक उठले, जाताना दोघी-तिघी बायका माझ्याकडे बघून "चहा!" म्हणाल्या. आम्ही बसूनच राहिलो. ह्यांना कधी घाई नसते, रंगमंच रिकामा होईपर्यंत थांबायची सवय.

मग हे म्हणाले, "एक विचारू? त्या तारांगणात तू माझ्या कानाशी काहीतरी म्हणालीस. तुझा श्वास तेवढा जाणवला मला. अंधार होता, तोंड दिसलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. काय म्हणाली होतीस?"

समोर दोन माणसं झाडू घेऊन रांगांमधून येत होती. मी ह्यांच्याकडे नीट तोंड केलं. आवाज काढला नाही.

तुम्ही शेजारी आहात ना, मला आणखी काही नको.

हे माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटच्या शब्दापर्यंत. मग बराच वेळ पायाशी ठेवलेल्या माझ्या पर्सकडे बघत राहिले.

"पुन्हा," म्हणाले.

तालमीत म्हणत असतील तसे. मी पुन्हा म्हटलं.